परदेशी मदत, कर्जमाफी आणि युगांडातील शाळा



अमुक देशाने तमुक देशाला इतके कोटी डॉलर मदत दिली, अमक्या देशाचे इतके कर्ज माफ झाले, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. आकडा फार मोठा झाला म्हणजे मनाला त्याचे काही वाटेनासे होते. शंभर रुपयांची उसनवारी आपल्याला कळते, शंभर कोटी डॉलरची कळत नाही. म्हणून आजचा विषय मी मोठ्या आकड्यांपासून सुरू करीत असलो, तरी त्याला एका लहानशा आकड्यापर्यंत नेणार आहे. तो आकडा आहे तेरा. तो कोठला, हे ओघाने येईलच.

आधी मदत म्हणजे काय, ते पाहू. एका देशाने दुसऱ्याला द्यायचे द्रव्य मुख्यतः दोन तऱ्हांचे असते. एक अनुदान. हे परत करायचे नसते. दुसरे कर्ज. त्यातही सौम्य कर्ज आणि बाजारभावाचे कर्ज असा भेद आहे. १९६० साली जागतिक बँकेने गरीब देशांसाठी आंतरराष्ट्रीय विकास संघटना नावाची शाखा काढली. तिची सुरुवातीची कर्जे पन्नास वर्षांच्या मुदतीची होती. पहिली दहा वर्षे मुद्दल फेडायचे नाही, आणि व्याज म्हणून नव्हे तर हिशेबखर्च म्हणून शेकडा पाऊण टक्का द्यायचा. आपल्याकडे दुष्काळात सरकार तगाई देत असे, तिच्याशी याचे नाते जवळचे. बाजारातून काढलेले कर्ज मात्र सावकारीच्या वाटेने जाते. व्याजाचा दर चढला की हप्ता चढतो, आणि एक हप्ता चुकला की पुढचे कर्ज महाग होते.

आता आपण म्हणाल, कर्ज काढले तर फेडले पाहिजे, यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? आहे, थोडे आहे. शेतकरी सोसायटीचे कर्ज रुपयांत घेतो आणि रुपयांतच फेडतो. देशाचे परदेशी कर्ज डॉलरमध्ये असते, आणि डॉलर काही त्या देशाच्या टांकसाळीत निघत नाहीत. परदेशाला माल विकावा, तेव्हाच ते मिळतात. ज्या देशाजवळ विकायला एकच पीक आहे, त्याचे सारे भवितव्य त्या एका पिकाच्या भावावर लटकलेले असते.

पूर्व आफ्रिकेतला युगांडा हा असाच देश. व्हिक्टोरिया नावाच्या प्रचंड सरोवराच्या काठी वसलेला, पाऊसपाणी चांगले, जमीन सुपीक. १९६२ साली तो इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. १९७१ साली ईदी अमीन या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता बळकावली आणि पुढल्याच वर्षी आशियाई रहिवाशांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्यांत बहुसंख्य गुजराती होते. एंटेबी आणि कंपाला येथे कचेऱ्यांतून कारकुनी करणारी, शिवणकामाची दुकाने चालवणारी गोव्याची कुटुंबेही त्यांत होती. दुकाने गेली, कारखाने बंद पडले. १९७९ साली अमीन गेला, पण यादवी युद्ध चालूच राहिले. १९८६ साली योवेरी मुसेवेनी सत्तेवर आले, तेव्हा रस्ते उखडलेले, शाळांची छपरे उडालेली आणि तिजोरी रिकामी अशी अवस्था होती. देश पुन्हा उभा करण्यासाठी कर्जे काढावी लागली. ती फेडायची कशातून? तर कॉफीतून. त्या दशकात युगांडाच्या निर्यात-उत्पन्नात शंभरातले नव्वदच्या वर डॉलर एकट्या कॉफीचे होते.

आणि नेमके १९८९ साली कॉफीउत्पादक व कॉफी घेणारे देश यांच्यातला आंतरराष्ट्रीय करार मोडला. या कराराने प्रत्येक देशाचा विक्रीचा वाटा ठरलेला असे, म्हणून भाव सावरलेला राही. करार मोडताच भाव कोसळले. युगांडातल्या शेतकऱ्याची मेहनत तेवढीच, झाडे तेवढीच, पोत्यांची संख्याही जवळपास तेवढीच. डॉलर मात्र पूर्वीपेक्षा फारच थोडे. कर्जाचा हप्ता तसाच. कांद्याचा भाव पडला आणि सोसायटीचा हप्ता आला, म्हणजे काय होते ते लासलगावच्या बाजूच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

जुने हप्ते फेडण्यासाठी नवी कर्जे, हा प्रकार येथूनच सुरू होतो. हा केवळ युगांडाचा प्रकार नव्हता. १९८० नंतर आफ्रिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले कितीतरी देश त्यात सापडले.

बरे, कर्जे सगळी चांगल्या कामासाठीच काढली होती का? नाही. झैरे, म्हणजे आजचे काँगो, या देशावर मोबुटू यांनी १९६५ पासून १९९७ पर्यंत राज्य केले. १९७८ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एर्विन ब्लुमेंथाल या जर्मन बँकतज्ज्ञाला तेथल्या मध्यवर्ती बँकेत बसवले. राजवाडा आणि सरकारी तिजोरी यांच्यात भिंतच नाही, असे त्याला आढळले. आपल्या अहवालात त्याने साफ लिहिले, की या राजवटीकडून धनको देशांना पैसे परत मिळण्याची आशा नाही. हा अहवाल १९८२ सालचा. त्यानंतरही झैरेला कर्जे मिळतच राहिली, कारण त्या काळी रशिया आणि अमेरिका यांच्या शीतयुद्धात मोबुटू अमेरिकेच्या बाजूला होते. मोबुटू गेले, कर्ज राहिले. ते त्या देशातल्या ज्या माणसांच्या नावे राहिले, त्यांनी त्या पैशातली एक वीटही पाहिली नव्हती. माझे स्वतःचे मत असे, की अशा व्यवहारात ऋणकोइतकाच धनकोही जबाबदार धरला पाहिजे. डोळ्यांदेखत बुडणारे कर्ज देणारा सावकार नंतर प्रामाणिकपणाची भाषा बोलू लागला, तर ती ऐकताना संकोच वाटतो.

माणसाचे दिवाळे निघाले तर त्याला नादारी मागता येते. कोर्ट त्याची मालमत्ता पाहते, देणी पाहते, आणि काहीतरी तोडगा काढून त्याला पुन्हा उभे राहू देते. आपल्याकडे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने कोर्टांना रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ देणेघेणे काय होते ते तपासण्याचा अधिकार दिला. देशांसाठी असे कोर्ट आजही अस्तित्वात नाही. देशाचे दिवाळे निघाले तर त्याला आपल्या धनकोंपुढे हात जोडून बसावे लागते, आणि निकाल धनकोच देतात.

तरीही धनकोंनी शहाणपणा दाखवल्याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या डोक्यावर युद्धापूर्वीची आणि युद्धानंतरची मिळून सुमारे तीन हजार कोटी मार्कांची देणी होती. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडन येथे करार झाला आणि ही रक्कम जवळजवळ निम्म्यावर आणली गेली. जर्मनीच्या बाजूने हेर्मान योसेफ आब्स या बँकरने वाटाघाटी केल्या. मला त्या करारातली खरी मेख रक्कम निम्मी करण्यात दिसत नाही. खरी मेख अशी, की जर्मनीने आपल्या निर्यातीच्या कमाईतून, झेपेल तेवढेच हप्ते द्यावेत असे ठरले. म्हणजे कर्ज परत हवे असेल, तर धनकोंनी जर्मनीचा माल आपल्या बाजारात येऊ द्यायला हवा, हे ओघानेच आले. त्या सवलत देणाऱ्या देशांत ग्रीसही होता. सुमारे सहा दशकांनी ग्रीसच कर्जात बुडाला आणि जर्मनी धनको होऊन बसला, तेव्हा ग्रीक लोकांनी या १९५३ची आठवण पुष्कळ काढली. ते असो.

आफ्रिकेतल्या देशांना अशी सवलत मिळायला फार वर्षे लागली. १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये एक चळवळ उभी राहिली. यहुदी धर्मग्रंथात दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मुक्त करावे आणि ज्याची जमीन त्याला परत द्यावी, असा दंडक सांगितला आहे. त्या वर्षाला ज्युबिली म्हणतात. इसवी सन २००० हे कर्जमुक्तीचे ज्युबिली वर्ष व्हावे, अशी या लोकांची मागणी होती. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅम शहरात श्रीमंत राष्ट्रांची परिषद चालू असताना सुमारे सत्तर हजार माणसे हातांत हात गुंफून तिच्याभोवती उभी राहिली. त्यांत चर्चमधल्या वृद्ध बायका होत्या, शाळामास्तर होते, विद्यार्थी होते. या माणसांचे स्वतःचे एक पैचेही काम त्यात नव्हते.

तत्पूर्वी १९९६ सालीच जागतिक बँक आणि नाणेनिधी यांनी अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी एक योजना आखली होती. १९९९ साली तिच्या अटी सैल केल्या गेल्या आणि २००५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्सच्या परिषदेनंतर तिला आणखी मोठे रूप आले. २०२३च्या डिसेंबरात सोमालिया हा तिची शेवटची पायरी गाठणारा सदतिसावा देश ठरला. या योजनेचा पहिला लाभ मिळाला युगांडाला, एप्रिल १९९८ मध्ये. दोन वर्षांनी पुन्हा सवलत मिळाली. दोन्ही मिळून सुमारे दोनशे कोटी डॉलरचा भार उतरला. हे पैसे कोणी पेटीत घालून युगांडाला पाठवले नाहीत, बरं का. पुढल्या अनेक वर्षांत जे हप्ते बाहेर जायचे होते, ते देशात राहिले, एवढाच त्याचा अर्थ. आणि म्हणूनच प्रश्न उरतो, की देशात राहिलेले हे पैसे गेले कोठे?

येथे तो तेराचा आकडा येतो. शिक्षक मित्रांनी तो विशेष लक्ष देऊन ऐकावा.

युगांडाचे सरकार प्रत्येक प्राथमिक शाळेला मुलांच्या संख्येप्रमाणे काही अनुदान देत असे. शिक्षकांचे पगार वेगळे. हे अनुदान पुस्तके, खडू, फळा, डागडुजी यांसाठी. अंदाजपत्रकात ते दरवर्षी वाढत होते. पण शाळांतली पटसंख्या कागदावर काही केल्या वाढेना, आणि शाळांची दशाही सुधारेना. तेव्हा १९९६ साली काही मंडळींनी एक साधी गोष्ट केली. अर्थखात्याच्या वहीत काय लिहिले आहे ते पाहून थांबण्याऐवजी अठरा जिल्ह्यांतल्या अडीचशे शाळांत जाऊन मुख्याध्यापकांच्या वह्या पाहिल्या. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यावरून हिशेब मांडला. १९९१ ते १९९५ या काळात राजधानीतून निघालेल्या शंभर शिलिंगांपैकी शाळेच्या दारात सरासरीने पोचले, फक्त तेरा. पुष्कळशा शाळांना तर काहीच मिळाले नव्हते. बाकीचे सत्त्याऐंशी जिल्ह्याच्या कचेऱ्यांत मुरले होते. काही दुसऱ्या कामांकडे वळवले गेले, काही राजकारणात गेले, काही खिशांत. आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, आपल्या शाळेसाठी असे काही पैसे निघतात, हेच पुष्कळ पालकांना ठाऊक नव्हते. ते बिचारे स्वतःच्या खिशातून वर्गणी काढून शाळा चालवीत होते.

अशा व्यवस्थेत कर्जमाफीचे पैसे ओतले असते, तर काय झाले असते ते सांगायला नको.

सरकारने उपाय केला तो असा. दर महिन्याला कोणत्या जिल्ह्याला शाळांसाठी किती रक्कम पाठवली, हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. इंग्रजी पत्रांत आणि लोकभाषांतल्या पत्रांतही. शिवाय प्रत्येक शाळेने आपल्याला प्रत्यक्ष किती मिळाले, याची सूचना शाळेच्या भिंतीवर लावायची. आता मुख्याध्यापक वर्तमानपत्र हातात घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत जाऊ लागले. पत्रात तर इतके छापले आहे, आमचे कुठे आहे? पालकही भिंतीवरचा कागद वाचून मुख्याध्यापकाला विचारू लागले. २००१ सालापर्यंत हे प्रमाण तेरावरून ऐंशीच्या पुढे गेले. ज्या शाळांच्या जवळपास वर्तमानपत्र मिळत होते, त्यांच्यात सुधारणा अधिक झाली, असेही त्या अभ्यासकांना दिसले. पुढे इतर काही संशोधकांनी हरकत घेतली, की याचे सारे श्रेय वर्तमानपत्राला देऊ नका, त्याच काळात सरकारी हिशेबाच्या दुसऱ्या सुधारणाही चालू होत्या, धनको देशांचे लक्षही होते. ही हरकत रास्त आहे. तरी भिंतीवरच्या कागदाची किंमत त्याने कमी होत नाही, असे मला वाटते.

जानेवारी १९९७ पासून युगांडाने एका कुटुंबातल्या चार मुलांना प्राथमिक शिक्षण मोफत केले. पुढे ती चारची मर्यादाही गेली. मुले किती वाढावीत? आदल्या वर्षी पटावर सुमारे तीस लाख होती, ती एका वर्षात पन्नास लाखांच्या पुढे गेली. १९९८ साली कर्जमाफीतून वाचणारे पैसे एका स्वतंत्र निधीत घालण्याचे ठरले. त्याचे नाव दारिद्र्यनिवारण कार्यनिधी. प्राथमिक शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी, खेड्यांचे जोडरस्ते, शेतकऱ्यांना सल्ला, एवढ्याच कामांवर तो खर्च व्हायचा, आणि त्याचा काही भाग निव्वळ तपासणीसाठी राखलेला. कोठे किती खर्च झाले, हे जाहीर व्हायचे. इतर देशांनीही मग आपली मदत या निधीत टाकायला सुरुवात केली, कारण येथे निदान पैशाचा माग काढता येत होता.

सरकारी पाहणीप्रमाणे १९९२च्या सुमारास युगांडात शंभरातली छप्पन्न माणसे दारिद्र्यरेषेखाली होती, २०००च्या सुमारास पस्तीस. आता हे सगळे कर्जमाफीने झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसे नाही. १९९४च्या जुलैत ब्राझीलमध्ये कडाक्याचे हिम पडून कॉफीचे मळे करपले, जगात कॉफीचा भाव चढला, आणि त्याच सुमारास युगांडाने सरकारी खरेदीची मक्तेदारी उठवल्यामुळे तो भाव तेथल्या शेतकऱ्याच्या हातापर्यंत पोचला. एकाच्या शेतावरचे हिम दुसऱ्याच्या घरची चूल पेटवते, असा हा जागतिक बाजार. दारिद्र्य घटले त्यात कॉफीचा वाटा मोठा, शांततेचा मोठा, आणि हप्त्यांतून सुटलेल्या पैशांचाही एक वाटा.

आणि शाळा? शाळांत मुले आली खरी, पण एकेका शिक्षकापुढे शंभर-शंभर मुले बसू लागली. कित्येक वर्ग झाडाखाली भरत. पटावर आलेली पुष्कळ मुले पहिल्या दोन-तीन इयत्तांतच गळाली, आणि जी टिकली त्यांच्यातही वाचता न येणारी बरीच निघाली. पैसा दार उघडतो. आत शिकवायला शिक्षक लागतो, आणि शिक्षक घडायला वर्षे लागतात, हे आपल्यातल्या शिक्षकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. २००६ साली उरलेल्या कर्जाचाही मोठा भाग माफ झाला आणि युगांडाचे परदेशी कर्ज पूर्वीच्या सुमारे एक-तृतीयांशावर आले. त्यानंतर ते पुन्हा चढू लागले. धरणे, विमानतळ, हमरस्ते यांसाठी चीनकडून व बाजारातून कर्जे काढली गेली. २०२२-२३च्या सुमारास देशातले व बाहेरचे मिळून सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास आले होते. मुसेवेनींची सत्ताही चार दशकांची होत आली. टीकाकार म्हणतात, कर्ज माफ करून तुम्ही उधळेपणाला बक्षीस दिले. मी या टीकेला सर्वस्वी खोटी म्हणणार नाही. पण १९९७ साली शाळेत बसलेल्या मुलीला पुढे २०१५ साली सरकारने काढलेल्या कर्जाबद्दल आधीच शिक्षा द्यावी, हा न्याय मला उमजत नाही.

सगळीच मदत कर्जात गुंतलेली नसते. पश्चिम आफ्रिकेत व्होल्टा नदीच्या खोऱ्यात वेगाने वाहणाऱ्या पाण्यात एक काळी माशी वाढते. ती चावली म्हणजे शरीरात सूक्ष्म जंत शिरतात, अंगाला असह्य खाज सुटते, आणि अनेकदा चावे बसत गेले, तर वर्षांनी माणूस आंधळा होतो. म्हणून नदीकाठची उत्तमातली उत्तम काळी जमीन टाकून लोक वरच्या खडकाळ माळावर राहायला जात. एका काठीचे एक टोक लहान मुलाच्या हाती आणि दुसरे आंधळ्या माणसाच्या, अशा जोड्या त्या गावांतून सर्रास दिसत. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक व इतर संस्थांनी मिळून तेथे मोहीम काढली. हेलिकॉप्टरमधून नद्यांवर अळीनाशक औषध फवारायचे, आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे. १९८७ साली एका औषध कंपनीने जंतांवरची गोळी लागेल तितकी फुकट देण्याचे जाहीर केले. २००२ साली मोहीम संपली तेव्हा अकरा देशांत मिळून सुमारे सहा लाख माणसांचे डोळे वाचले होते, आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वस्तीला व लागवडीला मोकळी झाली होती. अठ्ठावीस वर्षे चिकाटीने एकच काम केले, हे या मदतीचे वैशिष्ट्य. तीन वर्षांत फीत कापून निघून जाणारी मदत असे काही करू शकत नाही.

आता आपल्या स्वतःच्या देशाकडे येऊ. आपणही ऋणको होतो. स्वातंत्र्यानंतर जागतिक बँकेचे पहिले कर्ज आपण घेतले ते १९४९ साली, रेल्वेसाठी. आपल्या कोयनेच्या वीजप्रकल्पातही त्या बँकेचे कर्ज होते. पण घराघरांत पोचली ती अमेरिकेच्या पब्लिक लॉ ४८० या १९५४च्या कायद्याखालची मदत. लोक तिला नुसते ‘पी. एल. ४८०’ म्हणत. अमेरिकेत गहू साठून राहिला होता, तो आपल्याला रुपयांत विकत देण्याची ती योजना. १९६६च्या अवर्षणात आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले. बोट बंदराला लागली की धान्य थेट रेशनच्या दुकानात जायचे. तांबडी मिलो ज्वारी आपल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. तिच्या भाकरीबद्दल त्यांच्या तोंडून फारसे चांगले ऐकू येत नाही, पण त्या साली ती पोटात गेली, हे खरे. या गव्हाने आपल्या शेतकऱ्याचा भाव पाडला, अशी तक्रार त्या काळीही होती आणि ती निराधार नव्हती. शिवाय अध्यक्ष जॉन्सन धान्य एकदम न देता थोडे थोडे सोडीत, आपले परराष्ट्रधोरण आपल्या कह्यात राहावे म्हणून. तो अपमान गिळावा लागला, आणि त्यातूनच धान्याच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभे राहण्याची घाई आपल्याला झाली.

गव्हाची किंमत म्हणून दिलेले रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच साठत गेले. त्यांचे करायचे काय? काही आपल्यालाच कर्जाऊ दिले गेले. काहीतून अमेरिकेच्या ग्रंथालयांसाठी भारतीय पुस्तके खरेदी होत. शिकागोच्या विद्यापीठात आज मराठी पुस्तकांचा चांगला संग्रह आहे, त्यामागे हे गव्हाचे रुपये आहेत! तरीही साठा वाढतच चालला, व्याज चढतच होते. अखेर १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनिएल पॅट्रिक मॉयनिहॅन यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश ठेवला. एवढ्या रकमेचा धनादेश तोवर जगात कोणी लिहिला नव्हता. या साठ्यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग असा सोडून दिला गेला. ही कर्जमाफी आपण पुस्तकांतून फारशी शिकवत नाही, याचे मला नवल वाटते.

पुढे दिवस पालटले. २००३ साली भारताने सात गरीब देशांकडचे आपले येणे सोडून दिले, त्यांत युगांडा होता. रक्कम लहान होती, पण बाजू बदलली होती. २०२२ साली श्रीलंकेने परदेशी हप्ते थांबवले, तेव्हा भारताने तिला इंधन, अन्न, औषधे यांसाठी सुमारे चारशे कोटी डॉलरचा हात दिला, आणि पुढल्या जानेवारीत कर्जाच्या फेरमांडणीला तयारी दाखवणारा पहिला धनको देशही भारतच होता.

हल्ली मात्र कर्जमाफी पूर्वीपेक्षा अवघड होऊन बसली आहे. १९९८ साली धनको मोजके होते, एका टेबलाभोवती बसत. आता एका टेबलाशी जुनी श्रीमंत राष्ट्रे, दुसऱ्याशी चीन, तिसऱ्याशी लंडन-न्यूयॉर्कचे रोखेधारक, आणि प्रत्येक जण दुसऱ्याने आधी सोडावे म्हणून वाट पाहतो. १९६१ पासून चाललेले अमेरिकेचे परदेशी मदतीचे खातेही २०२५ साली गुंडाळले गेले. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या झांबिया या तांब्याच्या देशाने नोव्हेंबर २०२०मध्ये हप्ता चुकवला. सरकारी धनकोंशी तडजोड व्हायला जून २०२३ उजाडला, आणि रोखेधारकांशी व्हायला २०२४. ही साडेतीन वर्षे त्या देशाला बाजारातून नवे कर्ज मिळणे दुरापास्त झाले होते.

पण बाहेर जाणारे हप्तेही बहुतेक थांबले होते. जानेवारी २०२२ पासून झांबियाने माध्यमिक शाळांपर्यंतची फी रद्द केली आणि त्याच वर्षी तीस हजारांवर नवे शिक्षक नेमले. नेमणुकीची वाट पाहत वर्षानुवर्षे घरी बसलेले कितीतरी पदवीधर त्यांत होते. पटसंख्या तेथेही अशीच भराभर वाढली आहे, आणि वर्ग पुन्हा अपुरे पडू लागले आहेत.